पूजलेला कॉम्प्युटर

मागच्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. त्याला एकेक भाग निवडून स्वतःसाठी कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा होता, आणि तोही असा की पुढची दहा वर्षं त्याला हात लावायला लागू नये. मावशी, तू तर सुरुवातीपासूनची माणूस, असा करता येतो का, म्हणून विचारत होता. मी सांगितलं, बाबा रे, येत नाही, आणि जो येतो म्हणेल त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस. तो हसला. मी हसले नाही. माझ्या वयाच्या बायका म्हणे सगळ्यांना माफ करायला लागतात. गुडघे दुखायला लागले की मन मऊ होतं, असं आमच्याकडे भजनाला येणारी एकजण सांगत असते. माझे गुडघे चांगले ठणकतात, पण विनायकला मी माफ केलेलं नाही. हे प्रकरण मी मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे मी गेल्यावर कोणी माझ्या वतीने त्याला माफ करून मोकळं होऊ नये.

आम्ही काशीच्या दुर्गाघाटाचे. घाटाच्या पायऱ्या चढून आलं की दुसऱ्या गलीत आमचं घर, आणि घराच्या सर्वांत वरच्या खोलीत अप्पांचं पंचांग. माझे वडील पंचांग करायचे. करायचे म्हणजे सूर्यचंद्राचं गणित मांडून वर्षभराच्या तिथी, नक्षत्रं, चंद्रोदय, ग्रहणं स्वतः काढायचे आणि मग ते छापायला द्यायचे. आमच्या घराण्याचं ते काम कितव्या पिढीपासून चालू होतं कोण जाणे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, मंगला गौरी, रामघाट इथल्या मराठी घरांत आमचंच पंचांग खुंटीला लटकलेलं असायचं, आणि इथून ते इंदूर-नागपूरपर्यंत यजमानांकडे जायचं. पहाटे शेजारच्या पाठशाळेतली मुलं घसा ताणून संथा म्हणायला लागली की अप्पांची पाटी खडखडायला लागायची. खालून आईची हाक यायची, चहा झालाय, चंद्राला म्हणावं थांब जरा. थंडीत आई चूडामटर करायची. बनारसवाले म्हणतात ते चूडामटर, आई म्हणायची हे मटार घातलेले पोहेच, नाव बदललं म्हणून काय झालं. आणि त्यावरून दूधवाल्याशी तिचा दर हिवाळ्यात वाद व्हायचा. अप्पा बशी मांडीवर घेऊन एका हाताने खायचे नि दुसऱ्या हाताने पुसायचे, लिहायचे.

त्या पाटीवरचे आकडे त्यांना दिसेनासे झाले तिथून ही गोष्ट सुरू होते. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, जेवढी नजर उरली आहे तेवढी जपा. अप्पांना आम्ही दोघी मुली. थोरली लग्न होऊन नागपूरला गेलेली, आणि मी गणितात बी.एस्सी. करून घरात बसलेली, म्हणजे लोकांच्या भाषेत उजवायची राहिलेली. मुहल्ल्यात कुजबूज सुरू झाली की आता पंचांग बंद पडणार, नाहीतर कोणा भाऊबंदाकडे जाणार. एक-दोघांनी तर अप्पांना तोंडावर सुचवलं की नाव विकून टाका. अप्पांनी मला वर बोलावलं आणि म्हणाले, "ज्याचं गणित बरोबर त्याचं पंचांग. तू एक सबंध वर्ष काढून दाखव. माझ्याशी जुळलं की वरती तुझं नाव." मी वीस-एकवीस वर्षांची होते. त्या आधी आणि त्या नंतर मला आयुष्यात इतकं काही हवंसं वाटलेलं नाही. पण हाताने एक वर्ष काढायला दोन माणसं आणि जवळजवळ दुसरं वर्ष लागायचं, आणि दोनातलं एक माणूस आता आंधळं होत होतं. म्हणून कॉम्प्युटर.

विनायक हा कमळामावशींचा मुलगा. कमळामावशी मंगला गौरीच्या देवळाजवळ राहायच्या. आईची नि त्यांची लहानपणापासूनची मैत्री, एकीच्या घरी लोणचं घातलं की दुसरीच्या घरी बरणी जायची. विनायकदादा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. दिल्लीत काही दिवस काढून आला आणि लहुराबीरला त्याने दुकान टाकलं; दिल्लीहून भाग आणायचे, गिऱ्हाइकाला हवा तसा कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. बोलणं असं गोड की साखरेला मुंग्या लागाव्यात. अप्पांच्या समोर मांडी घालून बसून त्याने सांगितलं की तयार डब्बा घेऊ नका, त्यात आगेचं काही सोचलेलं नसतं. मी तुम्हाला असा बनवून देतो की दहा साल बदलायला नको. खाचा खाली, म्हणजे रिकाम्या, ठेवतो. उद्या नवीन चिप निघाली की आणायची नि बसवायची, बस.

अप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की उद्या निघणारी चिप ह्याच खाचेत बसेल हे तुला आज कसं कळलं? "आम्ही दहा वर्षांपुढचं ग्रहण सांगतो ते चंद्र आपला रस्ता सोडत नाही म्हणून. तुझ्या चिपेचा रस्ता कोणी ठरवला?"

विनायक म्हणाला, कंपनीने. मला त्या क्षणी अप्पांचा राग आला होता, हे इतक्या वर्षांनी लिहिताना गंमत वाटते. पुढे पाव शतक मी कॉम्प्युटरवरच पोट भरलं, कितीतरी यंत्रं आली नि भंगारात गेली, पण त्या प्रश्नाला धड उत्तर देणारा माणूस मला भेटला नाही. भाग बदलतात तसे ते बसवायच्या खाचाही बदलतात. भविष्यासाठी रिकामी ठेवलेली जागा बहुतेक वेळा रिकामीच भंगारात जाते.

मशीन आलं ते गुरुवारी. चौकातून पुढे गाडी येत नाही, म्हणून हमालाच्या डोक्यावर. पंचांगवाल्यांच्या घरात असली वस्तू मुहूर्ताशिवाय कशी चालू होणार? अप्पांनी मुहूर्त काढला, आणि बटण दाबलं त्या क्षणाची कुंडली मांडली. घरात वासरू झालं तरी कुंडली मांडायचे, मग हे तर पंचांग देणारं यंत्र. आयुष्य मध्यम, म्हणाले. विनायक म्हणाला, अप्पा, ह्याला साडेसाती नसते. आणि मग त्याने जे सुचवलं ते ऐका. अप्पा साधी हळदकुंकू लावून पूजा करणार होते, तर हाच म्हणाला की नाही नाही, सरस्वतीचं आवाहन करा, चांगली यथासांग प्रतिष्ठा करा. स्वतःच्या हाताने त्याने डब्ब्याभोवती लाल नाडा गुंडाळला, स्क्रूंवर कुंकवाची बोटं उठवली. आई तर कौतुकाने बघत राहिली, म्हणाली दिल्लीला जाऊन आला पण संस्कार विसरला नाही.

आमच्याकडे रीत अशी की आवाहन करून पूजलेली वस्तू उत्तरपूजा झाल्याशिवाय उघडायची नाही, हलवायची नाही. गणपतीच्या मूर्तीला आपण कुठे आत बघायला भोक पाडतो? हे त्याला माहीत होतं. दुर्गाघाटावरच्या शेंबड्या पोराला माहीत असतं, मग ह्याला नसेल? कंपनीच्या सीलसारखंच आहे, अप्पा, तोडलं की गॅरंटी गेली, असं तो हसत हसत म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

त्यानंतरचं दीड वर्ष मी त्या वरच्या खोलीत काढलं. अप्पा डोळे मिटून रीत सांगायचे, मी ती बेसिक ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत ओळीओळीने बसवायची. सकाळी स्टॅबिलायझर घूं करायला लागला की खालून आई विचारायची, उठलं का ते? बिजली गेली की सगळ्या गलीतून एकदम हाय निघायची, त्यात माझी सर्वांत मोठी, कारण माझं अर्ध्या दिवसाचं काम पुसलं जायचं. माकडांनी दोनदा छतावरून येणारी तार ओढून नेली. तरी काम पुढे सरकत होतं. काशीच्या चंद्रोदयासाठी अप्पांच्या आजोबांनी एक दुरुस्ती बसवली होती, नुसतं गणित नव्हे, रोज घाटावर उभं राहून पलीकडच्या वाळूवर चंद्र वर येताना बघून बसवलेली. ती दुसऱ्या कुठल्याच पंचांगात नव्हती. ते सगळे आकडे मी त्या मशीनमधे घातले. अडचण एकच, मशीन मेमरी कमी पडते म्हणून सारखं कुरकुरायचं. मी विनायकला विचारलं, तू तर भरपूर घातली म्हणाला होतास. त्याने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एकोणीसशे कशाला लिहितेस दर ठिकाणी? दोनच आकडे लिही. एकोणीस तर आहेच."

मी एकोणीस काढून टाकलं. कुरकूर थोडी कमी झाली. शतक उलटायच्या आत हे परत बदलायचं, असं मी अप्पांना सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. जाताना विनायक सगळं काम फ्लॉपीवर उतरवून घेऊन जायचा. बॅकअप, मंजू, हार्ड डिस्कचा भरोसा नसतो. मी त्याला वर सुपारी-बडीशेप द्यायची.

सबंध वर्षाचं गणित पुरं व्हायला दोन महिने उरले असताना मशीन बंद पडलं. पडद्यावर काळोख, आत नुसता पंखा फिरतोय. विनायक आला, बाहेरून इकडेतिकडे थोपटलं, म्हणाला एक पार्ट गेलाय, दिल्लीहून मागवतो, तोवर नाडा सोडू नका. पार्ट येत होता. दसऱ्याला येत होता, दिवाळीला येत होता, संक्रांतीला दिल्लीत धुकं होतं म्हणून गाडीत अडकला होता. फ्लॉपीवरचं तरी दे म्हटलं तर त्या दुकानात कुठेतरी ठेवल्यात, शोधतो. छापखान्याची मुदत टळली. आठवणीत पहिल्यांदा आमच्या घरातून पंचांग निघालं नाही. पाडव्याच्या दिवशी लोक आले, रिकाम्या हाताने परत गेले, आणि अप्पा प्रत्येकाला उभं राहून नमस्कार करत होते. मला अजून तो नमस्कार दिसतो. त्याच दुपारी शेजारच्या काकू एक गुळगुळीत कागदाचं पंचांग घेऊन आल्या. 'काशी संगणकीय पंचांग', आणि मागे विनायकचा टाय लावलेला फोटो. मी चंद्रोदयाचं पान उघडलं. अप्पांच्या आजोबांची दुरुस्ती, मिनिटासकट.

मी वर गेले. अंगाचा नुसता भडका उडाला होता, पण आमच्या घरात कितीही राग आला तरी पूजलेल्या वस्तूवर हात टाकायचा नाही. म्हणून मी आंघोळ केली, ताम्हन-पळी घेतली, आणि त्या कॉम्प्युटरची उत्तरपूजा केली. मंत्र म्हटला, अक्षता टाकल्या, गणपतीला सरकवतात तसं उत्तरेकडे जरासं सरकवलं. देवी गेली. उरला पत्र्याचा डब्बा. मग मी नाडा कापला आणि स्क्रू काढले.

आत चिपांची एक रांग होती, तो म्हणायचा की मशीनचा वेग ह्यांच्यात. त्यातली एक मी नखाने उचलली, ती सरळ हातात आली. नुसतं प्लास्टिक. पायांना खाली कुठली तार जोडलेली नाही, पोटात काही नाही. दुसरी तशीच, तिसरी तशीच. मुख्य चिपेवरचा आकडा घासून त्यावर दुसरा छापलेला. मेमरी सांगितली त्याच्या पाव हिस्सा. आणि ज्या खाचा भविष्यासाठी म्हणून पूजेच्या आधी त्याने अप्पांना बोट धरून दाखवल्या होत्या, त्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या होत्या. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा मी हातात धरून बसले होते. अप्पा जिना चढून आले. मी जे जे होतं ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की उत्तरपूजा केलीस का. केली म्हटल्यावर म्हणाले, मग तू काही गैर केलं नाहीस, आणि भिंतीला हात लावत खाली गेले.

रुमालात त्या पोकळ चिपा बांधून मी लहुराबीरला गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. विनायकने चिपा पाहिल्या आणि त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. म्हणाला, सील तू तोडलंस, आता आत काय होतं नि काय नव्हतं हे कोण सांगणार? आणि पंचांग? त्याचं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे. "मंजू, ह्या लाइनमधे जो पहिले छापतो त्याचं असतं. तुला थोडंच करायचं होतं सारी उमर? तुझं तर लग्न होईल." गिऱ्हाइकं हसली. त्याच्या मागे पडद्यावर माझंच काम चालू होतं, मी बसवलेल्या ओळी, मी ठेवलेली नावं. आणि वर्षाच्या जागी दोनच आकडे.

तोंडात आलेली शिवी मी गिळली. माझ्या मनात त्या क्षणी जे झालं ते मला सांगता येईल: राग एकदम थंड पडला आणि घट्ट झाला, तूप गोठतं तसा. त्याने ओळी नेल्या होत्या, पण त्या वाचल्या नव्हत्या. मी रुमाल परत बांधला आणि घरी आले. मुहल्ल्यात तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती: अप्पांच्या मंजूने पूजेची वस्तू फोडली, म्हणून तर ह्यांचं पंचांग बंद पडलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण त्या बोंबेला सबंध गली टाळ धरते हे तेव्हा पाहिलं. कोणी हळदीकुंकवाला बोलावेना. आईने कमळामावशींकडे बरणी पाठवणं थांबवलं, आणि ते तिला माझ्या बदनामीपेक्षा जास्त लागलं.

पुढची वर्षं आम्ही हाताने गणित केलं. अप्पा तोंडाने सांगायचे, मी लिहायची. चार-दोन प्रती हाताने उतरवून जुन्या यजमानांना द्यायची. दिवसा एका शाळेत गणित शिकवायची. विनायकचं पंचांग दर पाडव्याला जाड होत गेलं, फोटो मोठा होत गेला. आणि मी वाट बघत होते. लोक म्हणतात सूड घेणाऱ्याचं स्वतःचंच रक्त आटतं. माझं आटलं नाही. मला छान झोप लागायची. रोज वर्तमानपत्रात तारीख बघितली की वाटायचं, आली जवळ.

शतक उलटायच्या आधीचा पाडवा आला. तोपर्यंत जगभर बोभाटा झाला होता की वर्षाचे दोन आकडे शून्य झाले की कॉम्प्युटर गोंधळणार. विनायकलाही ते माहीत होतं. त्याने दुकानातल्या मशीनची घड्याळं तपासली, 'नव्या शतकासाठी तयार' अशा चिठ्ठ्या छापून सगळ्या डब्ब्यांवर चिकटवल्या, आणि पंचांगावरही तेच छापलं. मशीन तयार होतं. आतल्या माझ्या ओळी तयार नव्हत्या, आणि त्या उघडून बघायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. वार तो बाजारातल्या कॅलेंडरवरून लावायचा, तिथी तेवढ्या त्या ओळींतून काढायचा. पाडव्याला पंचांग वाचून घ्यायची अप्पांची पद्धत होती. आमचं छापलेलं नव्हतं, म्हणून म्हणाले त्याचं वाच. मी वाचत गेले. चैत्र, वैशाख, श्रावण, कार्तिक सगळं ठीक. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात नवं इंग्रजी वर्ष लागलं आणि नवमीवरून एकदम अमावास्या आली. अप्पांनी हात वर केला. परत वाच. मी परत वाचलं. पुढची पौषातली संकष्टी वाच. ती खऱ्या संकष्टीच्या पाच दिवस आधी होती.

अप्पा म्हणाले, त्याला जाऊन सांग. मी म्हटलं, नाही सांगणार. ते म्हणाले, उपास लोकांचा मोडेल, त्याचा नाही. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही जा. ते गेले. मी हात धरून नेलं, एवढंच. मंगला गौरीच्या त्या चढणीवर त्यांना सोडून कशी राहू? विनायक दारातच भेटला. अप्पांनी त्याला शांतपणे सांगितलं की शून्य लागल्यापासून पुढचं सगळं चुकलंय, शंभर वर्षांपूर्वीच्या तिथी येताहेत, अजून वेळ आहे, दुरुस्तीची चिठ्ठी छाप. तो हसला. "अप्पा, तुमचे डोळे गेलेत, आता कॉम्प्युटरवर कशाला डोळा? मशीन चुकत नाही." कमळामावशी आतून ऐकत होत्या. अप्पा वळले. मी पायरीवर थांबले आणि त्याच्याकडे बघून म्हटलं, "विनायकदादा, पौषात भेटू."

अप्पांनी नंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की त्या पंचांगातलं पौषापासूनचं धरू नका. लोक हो हो म्हणायचे आणि गलीत जाऊन म्हणायचे की म्हाताऱ्याची जळजळ होते. जवळजवळ दहा महिने हे चाललं. चैत्र ते कार्तिक विनायकचं पंचांग बरोबर निघत होतं, त्यामुळे अप्पाच खोटे ठरत होते. मग नवं वर्ष लागलं. अमावास्या चुकली तेव्हा जाणत्या दोघा-तिघांनी भुवया उंचावल्या. पौर्णिमा चुकली तेव्हा घाटावर कोणी मराठी माणूस एकटाच स्नानाला आला आणि मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, त्याला विचारलं की महाराज, आज कशाचं? तरी बायकांनी विनायकच्या पंचांगाप्रमाणे संकष्टी धरली. कॉम्प्युटरचं आहे, त्यात वेगळा हिशेब असेल.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम छतावर गेले. जानेवारीत एरवी धुकं असतं, पण त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. आसपासच्या छतांवर मराठी बायका दिवसभराच्या उपाशी, शाली गुंडाळून, हातात तबक, दूर्वा, अर्घ्याची पळी. पंचांगात चंद्रोदय रात्री नऊच्या सुमाराचा छापलेला. काहीजणी आधीच तयारीला वर आल्या होत्या. ऊन अजून पुरतं गेलं नव्हतं. आणि पूर्वेला, गंगेच्या पलीकडच्या वाळूवर, चांगला हातभर वर, परातीएवढा चंद्र लख्ख उभा होता. दुपारपासूनच उभा असणार. पौर्णिमा व्हायची होती अजून. संकष्टीला चंद्र उशिरा उगवतो हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असतं. आधी एका छतावर कुजबूज झाली, मग दुसऱ्या. कोणी ओरडलं नाही. एकेक बाई पंचांग बघायची, चंद्र बघायची, आणि तबक घेऊन खाली उतरायची. मला वाटलं होतं मी मोठ्याने हसेन. मी तिथे कठड्याला टेकून उभी राहिले आणि मला इतकं बरं वाटलं की थंडी लागली नाही. त्या समाधानाची आजही मला लाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायक आला. गिऱ्हाइकांनी पंचांगं त्याच्या ओट्यावर आणून टाकली होती, इंदूर-नागपूरहून फोन सुरू झाले होते. चूक कुठे आहे ते त्याला आता कळलं होतं, पण माझ्या ओळींत वर्ष कुठे कुठे शिरलंय ते त्याला उलगडेना. तो अप्पांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, पाडव्यापर्यंतच्या तिथी तेवढ्या सांगा, मी छापून वाटतो. मी दाराशी उभी होते. अप्पा मवाळ माणूस, आता सांगतील, असं मला वाटलं. अप्पा म्हणाले, "मला कशाला विचारतोस? पंचांग हिचं आहे. हिला विचार."

तो वळला. त्याला 'मंजू' म्हणायलाही वेळ लागला. मी सांगितलं, तिथी देईन, लोकांचे उपास मोडायला मला नकोत. चिठ्ठी छापायची, त्यावर गणित कोणाचं ते नाव घालायचं. आणि ती तू स्वतः घरोघर जाऊन चिकटवायची, आणि प्रत्येक घरात तोंडाने सांगायचं की गणित आधीपासून हिचंच होतं, मी चोरलं, आणि अप्पांच्या घरी ठेवलेला डब्बा आतून पोकळ होता. आधी तुझ्या घरी, तुझ्या आईपुढे. तो म्हणाला, आईपुढे नको. मी म्हटलं, मग तिथी नाही. आई चहा घेऊन वर आली होती, ती तशीच जिन्यात उभी राहिली आणि मला थांबवलं नाही. तो गेला. दोन दिवस तो मान खाली घालून गलीगलीतून खळ आणि चिठ्ठ्या घेऊन फिरला. दुर्गाघाटावर मी स्वतः मागून गेले, सगळं नीट म्हणतो की नाही ते ऐकायला.

खरी संकष्टी आली त्या दिवशी दुपारी कमळामावशी आमच्याकडे आल्या. पाच दिवसांत दुसरा उपास, तोंड सुकलेलं. चार वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आईने पाट मांडला, त्या बसल्या नाहीत. अप्पा तिथेच आरामखुर्चीत होते, त्यांना त्यांनी नमस्कार केला, पण विचारलं नाही. त्या सरळ माझ्यापुढे आल्या आणि म्हणाल्या, "मंजू, आज चंद्र किती वाजता?"

मी वर जाऊन कागद बघून आले आणि सांगितलं, नऊला थोडी मिनिटं कमी असतील तेव्हा, त्याच्या आधी अर्घ्य देऊ नका.